हाकेला ओ



टेलिफोनच्या तारेवरून माणसाच्या तोंडचे पहिले स्पष्ट वाक्य धावले ते १८७६ सालच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस, अमेरिकेतील बॉस्टन शहरी. एका खोलीत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि दुसऱ्या खोलीत त्यांचे सहायक वॉटसन. इकडे या, मला आपली भेट हवी आहे, अशा अर्थाचे ते साधे बोलणे होते. एवढा मोठा शोध लागला त्या घटकेला बेल ह्यांच्या मुखातून काही भारदस्त उद्गार निघावयास हवा होता, असे एखाद्यास वाटेल. पण निघाली ती माणसाने माणसाला मारलेली हाक. हे बेल मुळात बधिर मुलांचे शिक्षक. त्यांच्या मातोश्रींस ऐकू कमी येई आणि पुढे पत्नी लाभली तीही बधिर. ज्याच्यापर्यंत शब्द पोचत नाही त्याच्यापर्यंत तो कसा पोचवावा, ह्या ध्यासातून टेलिफोन जन्मास आला.

आज मला बोलावयाचे आहे ते अशाच एका हाकेविषयी. मनावर असह्य ताण पडला आहे, झोप उडाली आहे, जगणे नकोसे वाटू लागले आहे, आणि घरात चार माणसे असूनही कोणाशी बोलावे हे उमगत नाही, अशा वेळी माणसाने टेलिफोन उचलून परक्या माणसाशी बोलावे काय? बोलल्याने काही होते काय? आणि बोलावयाचे तर कोठे?

हाकेला ओ देणे हा आपला अगदी घरगुती वाक्प्रचार आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, मुलगा माडीवरून ‘ओ’ म्हणतो. त्या ‘ओ’ने आईचे काम काही होत नसते. पाणी भरलेले नसते की दळण आणलेले नसते. पण मी आहे, मी ऐकले, एवढे तिला कळते आणि ती पुढे बोलू शकते. दूरध्वनीवरून मानसिक आधार देण्याची जी पद्धत गेल्या सत्तर वर्षांत जगभर रूढ झाली, तिचा पाया हा असा ‘ओ’ आहे.

ह्या पद्धतीचे जनकत्व बहुधा चॅड वाराह ह्या इंग्रज धर्मोपदेशकाकडे दिले जाते. १९३५ साली, नुकतीच दीक्षा घेतलेली असताना, लिंकन गावी त्यांना एका कोवळ्या मुलीचा दफनविधी करावा लागला. मुलीने स्वतःच्या हाताने जीव दिला होता. कारण काय, तर तिला पहिल्यांदा ऋतुप्राप्ती झाली आणि आपल्याला काही घाणेरडा रोग जडला असा तिने समज करून घेतला. विचारावे असे कोणी तिला नव्हते. दोन वाक्यांत दूर झाली असती अशी ती शंका! वाराह ह्यांच्या मनातून ती मुलगी पुढे कधी गेली नाही. तरुण मुलामुलींना शरीरधर्माचे ज्ञान द्यावे म्हणून ते बोलू-लिहू लागले आणि त्यामुळे सनातनी मंडळींचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. गृहस्थ मोठे खटपटी होते. मुलांच्या चित्रमय साप्ताहिकांत गोष्टी लिहून ते संसारास हातभार लावीत.

१९५३ साली लंडनच्या मध्यवस्तीतील सेंट स्टीफन वॉलब्रुक ह्या जुन्या देवळाचे काम त्यांच्याकडे आले. लंडन परिसरात दररोज सरासरी तीन माणसे आत्महत्या करतात, हे त्यांच्या वाचनात आलेले होते. आग लागली, चोर शिरला, तर ९९९ हा क्रमांक फिरवावा, अशी सोय लंडनला १९३७ पासून होती. मग ज्याच्या अंतःकरणात आग लागली आहे त्याने कोणता क्रमांक फिरवावा? त्यांनी वर्तमानपत्रांतून आपला क्रमांक जाहीर केला : मॅन्शन हाउस ९०००. ह्या क्रमांकाची हकीकत ते स्वतः मोठ्या खुमासदारपणे सांगत. सहज ध्यानात राहील म्हणून त्यांना हाच क्रमांक हवा होता. तो मिळेल काय, असे विचारण्यासाठी त्यांनी देवळातल्या टेलिफोनवरून विनिमय केंद्राला फोन लावला. आपण कोणत्या क्रमांकावरून बोलता, असा उलट प्रश्न आला. यंत्रावरची धूळ पुसून पाहतात तो मॅन्शन हाउस ९००० हीच अक्षरे! २ नोव्हेंबर १९५३ ह्या दिवशी त्यावर पहिला फोन आला. ते काळे यंत्र पुढे त्याच देवळात काचेच्या पेटीत जपून ठेवण्यात आले.

पुढे जे घडले त्याची कल्पना खुद्द वाराह ह्यांनाही नव्हती. फोन करणारे आणि प्रत्यक्ष येणारे लोक इतके वाढले की त्यांना बाहेरच्या खोलीत ताटकळावे लागू लागले. त्यांची विचारपूस करावयास, चहा द्यावयास काही स्वयंसेवक पुढे आले. ही सारी साधी माणसे, मानसशास्त्राशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण वाराह ह्यांना दिसू लागले की, बाहेर चहा पिता पिता मन मोकळे करून कित्येक लोक आत न येताच निघून जातात. त्यांना तज्ज्ञाची गरजच उरत नाही. तेव्हा १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी टेलिफोन स्वयंसेवकांच्या हाती सोपविला. एक दंडक मात्र घालून दिला. स्वतः धर्मोपदेशक असूनही, येथे कोणी धर्माचा उपदेश करावयाचा नाही, असा तो दंडक होता. मला ह्या सबंध कथेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याचा धंदाच उपदेशाचा, त्याने उपदेश वर्ज्य करावा ह्याला मोठे मन लागते. वाराह २००७ साली, वयाची शहाण्णव वर्षे पूर्ण होण्याच्या बेतात असता वारले. त्यांची ‘समॅरिटन्स’ ही संस्था आजही चालू आहे.

आता कोणी म्हणेल, ह्या गोष्टी ऐकावयास बऱ्या. पण त्याने खरोखर जीव वाचतो ह्याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने झालेल्या एका पाहणीचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन ह्या पाच देशांतील इस्पितळांत, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ व्यक्तींचे दोन गट केले होते. आपल्याकडचे केंद्र होते चेन्नई. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील प्रत्येकाशी त्याखेरीज तासभर नीट बोलणे झाले आणि पुढल्या दीड वर्षात नऊ वेळा फोनवरून वा भेटून विचारपूस करण्यात आली. बस्स, इतकेच. दीड वर्षानंतर हिशेब घेतला तेव्हा पहिल्या गटात शेकडा २.२ जणांनी आत्महत्या केल्याचे आढळले. दुसऱ्या गटात ते प्रमाण शेकडा ०.२ होते. त्याच्याही पूर्वी सॅन फ्रॅन्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने, इस्पितळातून सुटलेल्या पण पुढील उपचार नाकारणाऱ्या रुग्णांना वर्षातून काही वेळा चार ओळींची पत्रे धाडली होती. आपण ठीक असाल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर जरूर कळवा, एवढाच मजकूर. ज्यांना पत्रे गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. आपल्या जुन्या पोस्टकार्डावर ‘इकडील सर्व कुशल, आपले कुशल कळवीत जावे’ असे लिहिण्याची रीत होती. तिला आपण उगाच औपचारिक समजत आलो.

आपल्या देशाचे आकडे सांगतो आणि पुढे जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. म्हणजे तासाला सुमारे एकोणीस-वीस. त्यांत दर दहांपैकी सात पुरुष होते. पुरुषाने रडू नये, बोलू नये, घरच्यांना काळजीत पाडू नये, हे जे आपण मुलग्यांना लहानपणापासून पढवितो, त्याचा ह्या आकड्याशी संबंध नसेल असे मला वाटत नाही. कारणांमध्ये पहिला क्रमांक कौटुंबिक कलहाचा आणि दुसरा आजाराचा. आपण ज्यांना घरगुती गोष्टी म्हणतो त्याच ह्या.

भारतात ह्या कामाची सुरुवात अलीकडची नाही. चेन्नईला डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था काढली. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत २०१२ साली ‘आयकॉल’ सुरू केली. पुण्यात ‘कनेक्टिंग’, गोव्यात ‘कूज’ ह्या संस्था अशीच सेवा करतात. पण ह्या संस्थांची माणसे थोडी, वेळा ठरलेल्या, आणि क्रमांक दहा आकडी. ऐन संकटात ते आठवणे कठीण. ही उणीव सरकारी योजनेने काहीशी भरून निघाली. २०२२ च्या अंदाजपत्रकात घोषणा होऊन त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली. बंगळूरची निम्हान्स ही विख्यात संस्था तिच्या मध्यस्थानी आहे. क्रमांक आहे १४४१६. चौदा, चार, सोळा असा ध्यानात ठेवावा. दिवसाचे चोवीस तास तो चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मराठीसह वीस भाषांत बोलण्याची सोय आहे. २०२५ सालापर्यंत वीस लाखांहून अधिक फोन त्यावर घेतले गेले होते. त्यांतला प्रत्येक माणूस मरणाच्या दारात होता असे मुळीच नव्हे. कोणाला झोप येत नव्हती, कोणाला परीक्षेची धास्ती होती, कोणाचा घरात जीव रमत नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आपले दुःख एवढे मोठे कोठे आहे’ असे म्हणून संकोचणारे लोक आपल्यात फार.

फोन लावला म्हणजे नेमके होते काय? ठाऊक नसलेल्या दाराशी पाऊल अडखळते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रथम ध्वनिमुद्रित आवाज येतो आणि भाषा निवडावयास सांगतो. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलू लागतो. बहुधा तरुण मुलगा किंवा मुलगी असते. नाव सांगितलेच पाहिजे असा आग्रह नसतो. सुरुवातीला काय बोलावे हे सुचत नाही, रडू फुटते, कधी नुसताच श्वास ऐकू जातो. त्या मंडळींना ह्याची सवय असते. गप्प राहिलात म्हणून ते फोन ठेवून देत नाहीत. ‘काय बोलावे ते समजत नाही’ एवढे एक वाक्य प्रारंभाला पुरते. मग काय झाले, केव्हापासून, झोप कशी आहे, जेवण जाते का, घरात कोण आहे, आत्ता जवळ कोण आहे, असे प्रश्न येतात. आणि त्यांत एक प्रश्न असा येतो की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. ‘जीव द्यावा असे विचार मनात येतात का?’ असा तो सरळ प्रश्न असतो.

हा प्रश्न विचारणे अशुभ आहे, नसलेला विचार त्याने डोक्यात भरतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. ह्या विषयावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत आणि सरळ विचारल्याने तो विचार बळावतो असे त्यांत आढळलेले नाही. उलट ज्याच्या मनात तो विचार आठवडे न् आठवडे घोळत असतो, त्याला कोणीतरी तो शब्द उच्चारल्याने हायसे वाटते. गुपिताचा भार उतरतो. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे. होय असेल तर होय म्हणावे. त्यावर पलीकडचा माणूस ओरडत नाही की घाबरत नाही. काही ठरविले आहे का, जवळ तसे काही साधन आहे का, हे तो विचारतो आणि ते दूर ठेवावयास किंवा घरातल्या कोणाच्या स्वाधीन करावयास सांगतो. ह्यामागे एक अनुभवसिद्ध गोष्ट आहे. मरणाची ऊर्मी बहुधा लाटेसारखी असते. ती चढते, काही मिनिटे, काही तास टिकते आणि ओसरते. जगावे आणि मरावे ह्या दोन्ही इच्छा त्या घटकेला एकाच मनात भांडत असतात. तेवढी घटका कोणाच्या सोबतीने निघून गेली की पुढचे बोलता येते. ज्यांच्या घरी फवारणीची औषधे असतात त्या शेतकरी कुटुंबांनी ती कुलपात ठेवावीत आणि किल्ली एकाच सावध माणसापाशी असावी, असे तज्ज्ञ आग्रहाने सांगतात ते ह्याकरिता. झोपेच्या गोळ्यांचेही तेच.

समुपदेशकाला वाटले की औषधोपचाराची गरज आहे, तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाचा पत्ता देतो. पुन्हा कधी फोन करू, असेही पुष्कळदा विचारतो. साधारणतः एवढाच तो प्रकार.

आता ‘हा काल पदवी घेतलेला पोरगा मला काय आधार देणार’, असे वाटणारे वडीलधारे लोक आहेत. त्यांच्यासाठी गोव्यातील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने आरोग्यकेंद्रांतून डॉक्टर नव्हेत अशा सामान्य, परंतु शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांकडे नैराश्य आणि चिंता ह्यांनी पीडित रुग्णांचे समुपदेशन सोपविले. २०१० साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सरकारी आरोग्यकेंद्रांत ह्या पद्धतीने रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले. खाजगी दवाखान्यांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले. मौजेची गोष्ट ही की, त्या प्रयोगाचे संक्षिप्त नावही ‘मानस’ असेच होते.

भाषेविषयी थोडे अधिक बोलावेसे वाटते; कारण मला ऐकणारे पुष्कळ जण महाराष्ट्राबाहेरचे आहेत. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे आपल्या लोकांच्या चार-चार, पाच-पाच पिढ्या गेल्या. बाजारात आपण कन्नड बोलतो, कचेरीत हिंदी, शेजारी गुजराती, तेलुगू. व्यवहाराला त्या भाषा इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की त्यांत आपण विनोदही करतो. पण ‘जिवाची घालमेल’ ह्याला व्यवहाराच्या भाषेत काय म्हणावे? ‘कशात मन लागत नाही’, ‘पोटात खड्डा पडतो’, ‘जीव टांगणीला लागला आहे’, ‘उबग आला’, ‘आतल्या आत कुढतो’. ह्यांतला प्रत्येक शब्द निराळ्या दुःखाचा आहे. काळजी हा शब्दच मुळी काळजाचा सोयरा. एखादी म्हातारी ‘माझ्या छातीत कालवाकालव होते’ म्हणाली, तर मराठी जाणणारा ओळखतो की ही हृदयविकाराची तक्रार नसून परदेशी असलेल्या लेकाची आठवण असू शकेल. परभाषेत तिची रवानगी थेट हृदयाचा आलेख काढावयास व्हायची! (आलेख काढूही नये असे मी म्हणत नाही, तिच्या वयाला तोही काढलेला बरा.)

म्हणून १४४१६ वर फोन केल्यावर भाषा निवडण्याची संधी येते, तेथे संकोच न करता मराठी निवडावी. आपण ज्या राज्यात राहतो तेथल्या केंद्राकडे फोन जाण्याची व्यवस्था असल्यामुळे समोरून त्या राज्याची भाषा कानी पडण्याचा संभव आहे. तसे झाले तर ‘मला मराठीतून बोलावयाचे आहे’ एवढे स्पष्ट म्हणावे. ह्यात कोणाचा अपमान नाही आणि भाषिक अभिमानाचाही प्रश्न नाही. दुःख ज्या भाषेत होते त्या भाषेत ते सांगावयास सोपे जाते, एवढाच साधा मुद्दा. काही जणांचे मात्र ह्याच्या अगदी उलट असते. स्वतःच्या भाषेत ज्या गोष्टीची लाज वाटते ती त्यांना परक्या भाषेत सांगता येते. त्यांनी तसे करावे.

दुसरी भीती कायद्याची. फोनवर खरे बोललो तर पोलीस दारात येतील काय? ही भीती पूर्वी अगदीच निराधार नव्हती. १८६० च्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद करीत होते. म्हणजे मरणाच्या दारातून परतलेल्याला आपण तुरुंगाचे दार दाखवीत होतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसाच निर्णय दिला, पण १९९६ साली मोठ्या न्यायपीठाने तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे तत्त्व घातले की, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत तर ते जुने कलमच राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या अशा प्रयत्नापुरती एक तरतूद त्या संहितेत आहे. पण दुःखाने पोळलेल्या माणसाच्या फोनशी तिचा काही संबंध नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक ह्यांनी हा बदल आपापल्या गावी वारंवार सांगितला पाहिजे. कायदा बदलला तरी धाक मागे रेंगाळतो.

ह्या सेवेत दोष नाहीत असे नव्हे. कधी क्रमांक लागत नाही. कधी थांबावे लागते आणि धून वाजत राहते. त्या धुनीइतके क्रूर संगीत दुसरे नसेल. कधी बोलता बोलता फोन तुटतो. क्वचित पलीकडचा समुपदेशक दमलेला असतो आणि पुस्तकी वाक्ये म्हणतो. अशा वेळी ‘येथेही माझे नशीब आडवे आले’ असे त्या दुःखी मनाला चटकन वाटून जाते. तसे न समजता पुन्हा लावावा. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा त्याच सेवेचा दुसरा क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे निराळे क्रमांक आहेत. आणि काही विपरीत घडून गेले असेल, किंवा घडण्याच्या बेतात असेल, तर तेथे समुपदेशनाचा विचार करीत बसू नये. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा, अथवा गाडी-रिक्षा मिळेल तीत घालून जवळचे रुग्णालय गाठावे. त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये.

घरच्या मंडळींनाही हा फोन करता येतो, हे पुष्कळांस ठाऊक नाही. सून खोलीबाहेर येत नाही, मुलगा परीक्षेनंतर अबोल झाला आहे, निवृत्त झालेले वडील ‘आता माझे काय काम’ असे वरचेवर म्हणू लागले आहेत, कोणी आपल्या आवडत्या वस्तू एकाएकी वाटून टाकू लागले आहे. अशा वेळी आपण काय करावे, काय बोलावे, हे विचारावयास फोन करावा. तोवर घरात काय बोलू नये ते मात्र आपल्याला आजच ठरविता येईल. ‘एवढ्यातेवढ्याने काय खचायचे’, ‘मन घट्ट कर’, ‘तुला कमी काय आहे?’, ‘लोकांची दुःखे बघ जरा’, ही वाक्ये सद्भावनेनेच म्हटली जातात. पण ऐकणाऱ्याला त्यांतून एवढेच कळते की ह्यांना पुढचे ऐकायचे नाही. ताप आलेल्या माणसाला आपण कधी ‘अंग गार कर’ असे सांगतो काय? त्यापेक्षा शेजारी जाऊन बसावे. ‘तू हल्ली गप्प असतोस, मला दिसते आहे. सांगावेसे वाटले तर मी ऐकतो. घाई नाही’, एवढे म्हणावे. मग खरोखरच घाई करू नये. घड्याळाकडे बघू नये, हातातला मोबाइल खाली ठेवावा. उत्तर लगेच येणार नाही. उद्या, परवा, कदाचित भाजी निवडता निवडता येईल.

एकत्र घरात एकांताची अडचण असते, हेही खरे. दिवाणखान्यातला टेलिफोन गेला आणि प्रत्येकाच्या खिशात तो आला, म्हणून बोलावयास जागा झाली असे नाही. गच्चीवर, देवळाच्या आवारात, संध्याकाळच्या फेरीत, बसथांब्यावर, जेथे जमेल तेथून बोलावे. ज्या स्त्रियांच्या हाती स्वतःचा फोनच नसतो त्यांना शेजारणीने, आशा कार्यकर्तीने, शाळेतल्या बाईंनी दहा मिनिटे आपला फोन द्यावा आणि जरा दूर जाऊन उभे राहावे.

शेवटी एक बारीकशी सूचना. समुपदेशकाने ‘चार दिवसांनी मी पुन्हा फोन करू का?’ असे विचारले तर हो म्हणावे, आणि कोणती वेळ सोयीची हेही सांगून ठेवावे. चार दिवसांनी मन थोडे सावरलेले असते, मागच्या बोलण्याची लाज वाटू लागते आणि अनोळखी क्रमांक दिसला की उचलू नये असे वाटते. तो उचलावा. बोलावयास काही नसेल तर आज भाकरी कशाबरोबर खाल्ली ते सांगितले तरी चालते.